व्हॉल्व्हमहर्षी

हल्ली मोठ्या शहरांतून एक जमात वाढीला लागली आहे. वय पन्नासच्या अलीकडे-पलीकडे. अंगात लेंगा आणि सोल्डरच्या थेंबांनी भोकं पडलेला टी-शर्ट. एक चष्मा कपाळावर, दुसरा डोळ्यांवर, आणि शोध चालू असतो तिसऱ्याचा. बंदिस्त केलेल्या बाल्कनीत कुंड्यांच्या जागी ट्रान्सफॉर्मर. ही मंडळी घरच्या घरी जुन्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हचा कॉम्प्रेसर बनवत असतात. गाडीत हवा भरायचा नव्हे, आवाजाचा. सोयीसाठी आपण त्यांना व्हॉल्व्हमहर्षी म्हणू.

कॉम्प्रेसर म्हणजे काय, हे महर्षींना कधी विचारू नये. विचारलंच तर आधी घरी फोन करून जेवायला उशीर होईल म्हणून सांगावं. थोडक्यात गोष्ट एवढीच, की गाणारा मध्येच तार सप्तकात जातो आणि मध्येच स्वतःशी पुटपुटतो. पूर्वी रेकॉर्डिस्ट बटणावर बोटं ठेवून बसायचा. आवाज चढला की कमी करायचा, उतरला की वाढवायचा. कॉम्प्रेसर हे काम आपणहून करतो. चढलेला आवाज दाबतो, मग सगळाच आवाज उचलून देतो. ऐकणाऱ्याला शब्दन् शब्द कळतो, आणि कोणी काही केलंय हे मात्र कळत नाही. चांगल्या कॉम्प्रेसरची खूण हीच, की तो लावलाय असं वाटता कामा नये. महर्षींच्या आयुष्यातला सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

या पंथाचं आराध्यदैवत म्हणजे अमेरिकेतल्या टेलेट्रॉनिक्सचं एलए-२ए. जिम लॉरेन्स नावाच्या इंजिनिअरनं साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते घडवलं. समोर कामाची बटणं दोनच: एक आवाज वाढवायचं, दुसरं किती दाबायचं ते ठरवायचं. आत एका बंद डबीत विजेनं उजळणारी एक चकती, आणि तिच्यासमोर कॅडमियम सल्फाइडचा रेझिस्टन्स. आवाज चढला की चकती उजळते. उजेड पडला की रेझिस्टन्सचा विरोध घटतो आणि जास्तीचा आवाज तिथूनच ग्राउंडला जातो. आवाज उतरला तरी हा रेझिस्टन्स लगेच शुद्धीवर येत नाही. अर्धा परिणाम साठेक मिलिसेकंदांत ओसरतो. उरलेला जायला एक सेकंद ते पंधरा सेकंद, जसा आधी मार बसला असेल तसा.

"याला स्मृती आहे, स्मृती!" महर्षी डबी हातात धरून सांगतात.

"म्हणजे तुमच्या रागासारखंच की," वहिनी आतून म्हणतात. "अर्धा लगेच उतरतो, उरलेला जेवणं होईस्तोवर."

मूळ यंत्र विकत घ्यायचं तर किंमत ऐकूनच माणूस दबतो. सर्किटचा नकाशा मात्र कोणालाही मिळतो. 'एवढे चार व्हॉल्व्ह तर आहेत, रविवारी बसलो तर होईल' हे महर्षींचं पहिलं वाक्य. कुठला रविवार, ते त्यात नसतं.

मग खरेदी सुरू होते. पुण्यातला महर्षी तापकीर गल्लीतून रेझिस्टन्स आणि कंडेन्सर आणतो, बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात मेलेल्या रेडिओंची पोटं उघडून बघतो, आणि मुंबईला लग्नाला गेला तर अक्षता टाकून थेट लॅमिंग्टन रोड गाठतो. तिथे जुन्या दुकानदाराशी जे संभाषण होतं ते स्थळ बघायला आलेल्या मंडळींनी ऐकावं. व्हॉल्व्ह खोक्यातून निघाला की आधी काचेवरची अक्षरं वाचायची. मग पिनांमधल्या तळावरून अंगठा फिरवायचा, कारण टेलिफुंकनच्या अस्सल व्हॉल्व्हला तिथे काचेत चौकटीची खूण असते. खूण नसली की महर्षींचा चेहरा पडतो. दुकानदार लगेच सांगतो, "साहेब, हा आपल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा ईसीसी८३ घ्या. बेंगळुरूचा माल. १२एएक्स७ म्हणतात तोच." महर्षी दोन्ही घेतात. चार व्हॉल्व्हच्या यंत्रासाठी घरात बावीस व्हॉल्व्ह जमतात ते असे.

ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा कारागीर हा या कथेतला एकमेव शहाणा माणूस. जन्मभर त्यानं स्टॅबिलायझर आणि पंपांच्या मोटारी गुंडाळलेल्या. महर्षी त्याच्यापुढे कागद ठेवतात: हाय टेन्शनला २५० व्होल्ट, हीटरला ६.३ व्होल्ट, दोन वेढ्यांमध्ये तांब्याच्या पत्र्याचा पडदा. तो कागद उलटसुलट करून विचारतो, "काका, हे कुठल्या मिक्सरचं?" महर्षी पाऊण तास समजावतात. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, "मंगळवारी या." ट्रान्सफॉर्मर उत्तम निघतो. मंगळवार तेवढा दुसऱ्या महिन्यातला असतो.

महर्षी कामाला बसले की त्यांचा डावा हात लेंग्याच्या खिशात असतो. ही ऐट नव्हे. आत अडीचशे व्होल्ट खेळत असतात, आणि दोन्ही हात एकदम आत घातले तर एका हातातून शिरलेला करंट छातीतून दुसऱ्या हातानं बाहेर पडू शकतो. म्हणून चालू यंत्रात एकच हात, हा जुन्या रेडिओ मेकॅनिकांचा नियम. महर्षी तो कसोशीनं पाळतात. "खरेदीच्या वेळी मात्र दोन्ही हात बाहेर असतात," ही वहिनींची पुरवणी.

यथावकाश यंत्र चालू होतं. व्हॉल्व्ह लालसर उजळतात, तापलेल्या धुळीचा वास सुटतो, आणि स्पीकरमधून पहिला आवाज येतो: घर्रर्र. इथून महर्षींच्या तपश्चर्येचा मुख्य अध्याय सुरू होतो. डोळे मिटून ते निदान करतात, "ही पन्नास हर्ट्झची नाही, शंभरची आहे. म्हणजे रेक्टिफायरच्या पुढे काहीतरी." फिल्टरचे कंडेन्सर बदलतात. घरघर थोडी कमी होते, पण आता तिच्याखालून पन्नासवाली निघते. हीटरच्या तारांना पीळ घातला जातो. पंखा बंद, ट्यूबलाइट बंद, फ्रिज बंद, खालच्या मजल्यावर जाऊन "तुमचा मिक्सर दोन मिनिटं थांबवता का?" अशी विनंती. खालच्या काकू चटणी अर्धवट टाकून थांबतात. घरघर थांबत नाही. शेवटी इनपुटच्या सॉकेटचं एक टोक चासीला भलत्याच ठिकाणी टेकलेलं सापडतं. ग्राउंडला दोन वाटा झाल्या होत्या, त्यांतली एक तोडली की घरभर शांतता.

"ऐकलंत?" महर्षी विजयानं विचारतात.

"काही नाही ऐकू आलं."

"तेच तर!"

पुढे पेन्सिलीच्या रबरानं एकेका व्हॉल्व्हला टिचकी मारून बघायचं असतं. एखादा 'टिंग' असं उत्तर देतो. त्याच्या आतले भाग सैल झालेले असतात. तो काढून शेजारचा लावायचा. बावीस व्हॉल्व्हना टिचक्या मारण्यात एक गणेशोत्सव सहज निघून जातो.

एवढ्यात भाचा येतो. त्याच्या लॅपटॉपमध्ये याच एलए-२एची हुबेहूब नक्कल आहे. वजन शून्य, शॉक शून्य, किंमत एका व्हॉल्व्हच्या आसपास. तो मामांना पाठमोरं बसवतो आणि एकच गाणं दोनदा ऐकवतो, एकदा लॅपटॉपमधून, एकदा यंत्रातून. महर्षी क्षणात बरोबर ओळखतात. सगळे थक्क. मागाहून कळतं, की यंत्रात घरघर थोडी शिल्लक होती, तिच्यावरून ओळखलं.

शेवटी यंत्राला खरं काम मिळतं ते वहिनींच्या भजनी मंडळाचं. टाळ दणदणीत, ढोलकी त्याहून दणदणीत, आणि मुख्य गाणाऱ्या बाई संकोची. महर्षी बाईंच्या माइकला कॉम्प्रेसर लावतात. मीटरचा काटा अदबीनं तीन-चार डेसिबल मागे झुकतो आणि सावकाश परत येतो. रेकॉर्डिंग ऐकून मंडळातल्या सगळ्याजणी बाईंना म्हणतात, "अगं, आज काय छान लागला गं तुझा आवाज! घसा धरला होता ना?" यंत्राचं नाव कोणी काढत नाही.

खरं तर याहून मोठं प्रशस्तिपत्र कॉम्प्रेसरला मिळणं शक्य नाही. पण महर्षी खट्टू होतात. जे लक्षात येऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला, ते कोणाच्याच लक्षात आलं नाही याचं त्यांना वाईट वाटतं. आठवडाभरात ते सावरतात आणि फेअरचाइल्ड ६७०चा नकाशा पसरून बसतात. एस्टोनियात जन्मलेल्या राइन नार्मांनी अमेरिकेत रचलेलं हे यंत्र. याच्याच धाकट्या भावातून, ६६०मधून, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बीटल्सचे आवाज गेले. ६७०मध्ये वीस व्हॉल्व्ह, अकरा ट्रान्सफॉर्मर, वजन तीस किलोच्या घरात. "घरात बावीस व्हॉल्व्ह आहेतच," महर्षी म्हणतात. त्यांतले बहुतेक त्यात बसणार नसतात.

तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर एवढंच करा. खर्च विचारू नका. तो त्यानं घरीही सांगितलेला नाही. कॉम्प्रेसरचं कौतुक करायला जाऊ नका, त्यातून गायलेल्या माणसाचं करा, कारण कौतुकाचा खरा मार्ग तोच आहे. आणि झाकण उघडं दिसलं तर आत बोट घालू नका. प्लग काढून ठेवला तरी आतले कंडेन्सर बराच वेळ भरलेले असतात.