डबा लपवणाऱ्या मंडळींस अनावृत पत्र

मु. पो. वेल्हे



आपण जिओकॅशिंग नावाचा खेळ खेळता आणि आता आपली नजर आमच्या तोरण्या-राजगडाकडे वळली आहे, असे कानावर आले. आनंद वाटला. डबा कुठेतरी दडवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश जगजाहीर करायचे आणि मग कोणा अनोळखी माणसाने मोबाइल हातात धरून तो हुडकत फिरायचे. आमच्या मावळातली माणसे शंभराहून अधिक वर्षे मुंबईत ज्याचा डबा त्याला नेमका पोचवत आली आहेत. हा उद्योग ऐकून त्यांना घेरीच येईल. असो. ज्याचा त्याचा छंद.

खेळाचा जन्म मात्र झकास आहे. अमेरिकी सरकार जीपीएस उपग्रहांचे नागरी संदेश मुद्दाम बिघडवून सोडत असे, त्यामुळे ठिकाण शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसे. मे २००० च्या सुरुवातीला हा खोडसाळपणा थांबला आणि ३ मे रोजी ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी रानात एक बादली अर्धवट पुरून तिचा ठावठिकाणा जाहीर केला. आत पुस्तके, गलोल, घेवड्याचा डबा असला ऐवज होता. आता आपला मोबाइल काही मीटरपर्यंत बरोबर सांगतो म्हणे. तोरण्याच्या झुंजार माचीवर या काही मीटरनाच फार महत्त्व आहे. यंत्र म्हणाले, ‘अजून चार पावले डावीकडे’, तर आधी डावीकडे जमीन आहे का तेवढे पाहावे.

आपले नियमही वाचले. डबा पुरायचा नाही (म्हणजे अल्मरसाहेबांची बादली आज नापास झाली असती), जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची, वहीत नाव लिहायचे आणि आतली वस्तू उचलली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची ठेवायची. हा शेवटचा नियम आमच्याकडे जुना आहे. तोरणा ताब्यात आल्यावर डागडुजी करताना शिवाजी महाराजांना तिथे धनाचे हंडे सापडले, ते तोरणजाईच्या देवळाजवळ, असे इथे सांगतात. त्या पैशातून समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला. म्हणजे हंडे घेतले आणि बदल्यात राजधानी ठेवली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने राजगडासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. तोरण्याचे नाव त्या बारा किल्ल्यांत नाही. पैसे ज्याने पुरवले तोच यादीबाहेर राहिला, यात वेल्हेकरांना नवल वाटले नाही. आपण कीचेन ठेवणार असाल तर खुशाल ठेवा, फक्त तुलना होईल.

आता थोडे कायद्याचे. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून जिवंत आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचे दडवलेले धन सापडले तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचे, नाही तर दंड किंवा तुरुंग. हल्ली एक बरी पेन्सिल आणि वही घेतली तरी दहा रुपये ओलांडतात. तेव्हा कोणी कायदेपंडिताने मनावर घेतले तर आपल्या डब्यासाठी कलेक्टर कचेरी जाहीर नोटीस काढील, धन शंभर वर्षांच्या आत दडवलेले दिसते म्हणून दडवणाऱ्याला हक्क सांगायला बोलावील आणि तारखा पडतील. कोणीच आले नाही तर तीन चतुर्थांश ऐवज सापडणाऱ्याचा, उरलेला जागामालकाचा. गडाची जागा सरकारी, तेव्हा डब्यातल्या प्लास्टिकच्या डायनोसॉरचा चतुर्थांश शासनजमा कसा करायचा, हे बघायला मी स्वतः पुण्याला जाईन.

शिवाय खेळ न खेळणाऱ्यांच्या नजरेला न पडता डबा शोधायचा, असा आपला दंडक आहे. इथे जमायचे नाही. आपण एसटीतून उतरलात की पारावर निम्म्या गावाला कळलेले असते. आणि परका माणूस पडक्या तटाचे दगड उचलून खाली डोकावतो आहे म्हटल्यावर आमच्या लोकांच्या मनात एकच शब्द येतो. गुप्तधनापायी या राज्यात इतके अघोरी प्रकार झाले की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याचीही दखल घ्यावी लागली. ‘मी फक्त वहीत सही करायला आलो होतो’ हा खुलासा त्या वेळी कितपत चालेल, सांगता येत नाही.

परवानगीचे म्हणाल तर राजगड राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे, भोवतालचे रान वनखात्याकडे आणि पायथा ग्रामपंचायतीकडे. २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करायचे ठरवले, तेव्हा अर्जावर तालुका कोणता लिहायचा तेही कचेरीतच विचारून घ्यावे. डबा सापडणे त्यामानाने सोपे आहे.

एवढे लिहूनही मी आपल्या विरुद्ध नाही. उलट एक विनंती आहे. डबा राहू द्या, ती वही तेवढी आणा आणि गडावर जाण्याआधी पायथ्याशीच ठेवा. आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ मंडळींना आपण येऊन गेल्याची नोंद केल्याशिवाय चैन पडत नाही. ते बिचारे ऑइलपेंट घेऊन चढतात, दरवाजाच्या दगडावर नाव लिहितात, शेजारी बदाम काढून दुसरे नाव लिहितात. कागद मिळाला तर कदाचित तेवढ्यावर भागेल.

आणि आपल्यात २००२ पासून खेळता खेळता कचरा उचलायची मोहीम आहे, ती इथे पहिल्यांदा सुरू करा. माल आधीच लपवून ठेवला आहे. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, कपारींत, टाक्यांत, कड्याच्या अगदी कडेला. आपल्या खेळाच्या मापाने काठिण्य पाचपैकी पाच. बदल्यात काही ठेवायची गरज नाही.

कळावे, लोभ आहेच, तो असाच राहावा.

आपला,
पायथ्याचा एक रहिवासी

ता. क. : डब्यात खाऊ ठेवू नये. गडावरच्या माकडांना अक्षांश-रेखांश लागत नाहीत.