नोव्हेंबरची एकतीस तारीख

राष्ट्राने माझ्यावरील आपला हक्क अद्याप सोडलेला नाही, ही वार्ता मला वयाच्या एक्काहत्तराव्या वर्षी एका सरकारी कचेरीच्या जाळीदार खिडकीतून कळली, आणि ती ऐकून संताप येण्याऐवजी माझी छाती, सदऱ्याच्या गुंड्यांना न जुमानता, नकळत पुढे आली, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. खिडकीपलीकडच्या कारकुनाने माझ्या फर्दीवरील एका रकान्यावर बोट ठेवून वाचले, ‘राखीव दलातील सेवाबंधनाची अखेर, ३१ नोव्हेंबर १९७३’, मग समोरच्या संगणकाकडे आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहून तो म्हणाला, “आजोबा, ही तारीख यंत्र घेत नाही. तारीख नाही म्हटल्यावर ते तुमची मुदत ‘चालू’ दाखवतंय.” ‘आजोबा’ हे संबोधन मला रुचले नाही. चालू मुदतीच्या अधिकाऱ्याला आजोबा म्हणू नये एवढा तरी शिष्टाचार त्या खात्यात असावयास हवा होता.

या कचेरीत मी गेलो होतो तो देशसेवेच्या ओढीने नव्हे, झेंड्याच्या ओढीने. शनिवार पेठेतला आमचा वाडा पाडून त्या जागी जी चार मजली इमारत उभी राहिली, तिच्या गच्चीवर पंधरा ऑगस्टला ध्वज फडकवण्याचा मान ‘इमारतीतील माजी सैनिक’ या नात्याने माझ्याकडे आपण होऊन चालत आला होता, आणि तो असाच चालत राहावा म्हणून मी माझ्या मिशा, चालण्याची ढब आणि दारावरच्या पितळी पाटीवरील ‘कॅप्टन’ ही अक्षरे या तिन्ही गोष्टींना नियमाने झिलई देत असे. पुढे तिसऱ्या मजल्यावर धरणांच्या कामावर हयात घालवलेले एक निवृत्त अभियंते राहावयास आले आणि त्यांनी वार्षिक सभेत, पेठेत जन्मलेल्या मनुष्यालाच साधेल अशा गोडव्याने सूचना मांडली की, कॅप्टनसाहेबांविषयी कोणाच्या मनात संशय असण्याचे कारणच नाही, तथापि दाखला दफ्तरी असलेला बरा. सूचना एकमताने मंजूर झाली. त्या एकमतात, विरोध केल्यास तोच पुरावा मानला जाईल या भीतीने, माझेही मत होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून मुठेचे पाणी आमच्या माजघरात शिरले, तेव्हा माझा शाळेचा दाखला तिजोरीतल्या तिजोरीत भिजला. त्याच्या कडेला चिखलाची तपकिरी रेघ आजही आहे आणि जन्मतारखेची शाई पसरून तिचे फूल झाले आहे. अशा मनुष्याकडे एका धरणवाल्याने दाखला मागावा, यातला दैवदुर्विलास सभेत एकट्या मलाच जाणवला.

१९६२ च्या ऑक्टोबरात चीनचे सैन्य हिमालय ओलांडून उतरले, नोव्हेंबरात सेला आणि बोमडिला पडल्याच्या बातम्या आल्या, आणि आम्ही पदवीच्या वर्गातली मुले, ज्यांची आजवरची सर्वांत मोठी चढाई पर्वतीची होती, ती एकदम रणोत्सुक झालो. सरकारला अधिकारी हवे होते आणि तेही तातडीने. म्हणून आणीबाणीची कमिशने देण्यासाठी मद्रास आणि पुणे अशा दोन ठिकाणी प्रशिक्षणशाळा उघडण्यात आल्या. इतर प्रांतांतली मुले गळ्यात हार घालून, आयांना रडवून, आगगाडीने निघाली. माझ्या वाट्याला नेमके पुणेच आले. शहराबाहेर न जाता वीर होण्याची अशी सोय इतिहासात फार थोड्या पुणेकरांना लाभली असेल. परंतु त्यामुळे निरोपसमारंभातली सारी भव्यता लोपली, आणि ‘रविवारी सुट्टी असली तर जेवायला ये’ एवढ्याच आशीर्वादावर मला देशरक्षणार्थ प्रस्थान ठेवावे लागले. १९६३ च्या अखेरीस कमिशन मिळाले, पाच वर्षांनी, १ डिसेंबर १९६८ पासून, मुक्त झालो. पाठोपाठ बँकेत रुजू झालो. मुक्ततेनंतरही पाच वर्षे नाव राखीव यादीत राहते, बोलावणे आले की हजर व्हावे लागते. माझा सगळा कज्जा आहे तो या पुढच्या पाच वर्षांच्या अखेरीविषयी.

ती पाच वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची होती, कारण त्या काळात मी बँकेत चेक वटवत असलो तरी मनाने सीमेवर होतो. ३ डिसेंबर १९७१ रोजी युद्ध पेटले त्या रात्रीच मी माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढली, तिच्यावरचे नाव व हुद्दा पांढऱ्या रंगाने नव्याने रंगवला आणि ती वाड्याच्या दिंडीदरवाज्यातून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी ओटीवर ठेवली. रंग ओला असल्यामुळे तिला हात लावू नये अशी पाटीही शेजारी लावली. सोळा तारखेला ढाक्यात शरणागती झाली. तोवर रंग वाळला होता, बोलावणे आले नव्हते, आणि तेरा दिवसांत आटोपलेल्या त्या युद्धाविषयी सारा देश आनंदात असताना, ते जरा लवकर संपले असे वाटणारा मनुष्य आमच्या आळीत मी एकटाच असावा. ट्रंक परत माळ्यावर चढवताना आमच्या कुटुंबाने एक अक्षर उच्चारले नाही. तो संयम मला आजवर बोचतो.

चूक कशी घडली हे कोणाही शहाण्या मनुष्याला पाहताक्षणी उमगावे. मुक्तता एक डिसेंबरपासून, मुदत पाच वर्षे, म्हणजे अखेर एक डिसेंबरच्या आदल्या दिवशी. कोण्या एका पेंगुळल्या लेखनिकाने डिसेंबरचा नोव्हेंबर केला आणि महिन्याचा शेवट म्हणजे एकतीस या बालबोध श्रद्धेने ती तारीख टाकून दिली. “नोव्हेंबरला एकतीस दिवस नसतात,” मी म्हणालो. “ते मलाही ठाऊक आहे, आजोबा,” कारकून शांतपणे म्हणाला, “पण मला ठाऊक असून उपयोग नाही, कागदाला ठाऊक असलं पाहिजे. पुरावा जोडा.” मी घरी येऊन धुंडाळले, तो आमच्या कुटुंबाने जपून ठेवलेले १९७३ चे कालनिर्णय हाती लागले, ते वर्ष त्या दिनदर्शिकेचे पहिलेच. नोव्हेंबरच्या पानावर प्रत्येक चौकोनात दुधाच्या मापाचा आकडा, दोन ठिकाणी ‘खाडा’, एका ठिकाणी ‘पाणी फार, बोलले’, आणि तीस तारखेखाली बेरीज करून ओढलेली दुहेरी रेघ. याहून निर्णायक दस्तऐवज कोणत्या न्यायालयापुढे आला असेल? महिना जर एकतीस दिवसांचा असता, तर आमच्या कुटुंबाने भय्याला एका दिवसाचे दूध फुकट घालू दिले असते, पण हिशेब तिसाला मिटवला नसता. कारकुनाने ते पान उलटसुलट पाहिले आणि शेरा दिला, ‘खाजगी प्रकाशन, ग्राह्य नाही.’ मी तोच अर्ज नव्या मसुद्यासह पुन्हा बारनिशीत घातला, पोच घेतली, आणि पुढे ज्याला तगादा म्हणतात त्या व्रताला लागलो.

येथे थोडे विषयांतर करण्याची अनुज्ञा वाचकांकडे मागतो. न मिळाली तरी करणार आहेच, कारण तारखेवरून भांडणे हा आमच्या पेठांचा पिढीजात व्यवसाय असून मी त्यात उशिरा पदार्पण केलेला एक उमेदवार आहे. साक्षात शिवछत्रपतींची जन्मतारीख घ्या. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, हे बखरींचे म्हणणे. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, हे जेधे शकावलीचे. ती शकावली लोकमान्यांच्या हाती आली, १९१६ साली छापून निघाली, आणि तेव्हापासून भारत इतिहास संशोधक मंडळाच्या परिसरात या तीन वर्षांच्या अंतरावरून जेवढी शाई सांडली, तेवढी खुद्द महाराजांच्या फडावर वर्षभरात खर्ची पडली नसेल. १९६६ साली सरकारने विद्वानांची समिती नेमली. विद्वान बसले, आणि विद्वान एकत्र बसल्यावर जे होते ते झाले. शेवटी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारदरबारी मान्य झाली, ती नवे शतक उजाडल्यावर. तरीही तिथीने जयंती करणारे तिथीनेच करतात. एका युगपुरुषाच्या तारखेस एवढा अवधी लागला, तर एका माजी कॅप्टनाने धीर धरावयास नको काय, असा विचार मी त्या कचेरीच्या बाकावर बसून पुष्कळदा केला, आणि त्या विचारातील तुलना मला फारशी अप्रस्तुत वाटली नाही, हेही नमूद करतो.

आणि पेशवे दफ्तराचे वैभव काय वर्णावे! तेथे साल शुहूर सनाचे, तेही आकड्यांत नव्हे तर अरबी शब्दांत, सलास सबैन म्हणजे त्र्याहत्तर. वर्षाचा आरंभ सूर्य मृगात शिरला की, आणि तिथी म्हणजे अरबी महिन्याचा चंद्र, ‘छ’ असे अक्षर घालून लिहिलेला. आज ते वाचावयाचे तर शेजारी जंत्री उघडून पाचशे नव्व्याण्णव मिळवावे की सहाशे, या प्रश्नावर तासभर घालवावा लागतो. परंतु त्या पद्धतीचा एक गुण माझ्या प्रकरणामुळेच माझ्या ध्यानी आला: चांद्रमासाला तिसाच्या पुढे पाऊल टाकताच येत नाही, म्हणजे पेशवाईतला लेखनिक कितीही पेंगुळला असता, तरी त्याच्या हातून एकतीस तारीख पडणे अशक्यच. किल्ल्यावर हजिरी सबनिसाकडे, कोठार कारखानिसाकडे आणि किल्ली हवालदाराकडे, अशी वाटणी शिवकाळापासूनची; सैन्याने दसऱ्याला सीमोल्लंघन करावे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परतावे, ही वहिवाट. सेवेची अखेर आभाळच ठरवीत असे, आणि आभाळापुढे कोणी खाजगी प्रकाशन जोडीत नसे.

सांप्रतची गोष्ट निराळी. माझा तगादा चालू होता त्याच २०१२ च्या जानेवारीत तत्कालीन लष्करप्रमुख खुद्द जनरल व्ही. के. सिंग आपल्या जन्मतारखेसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या लष्कराच्या एका शाखेच्या कागदांत १० मे १९५१, दुसरीच्या कागदांत १० मे १९५०. एका वर्षाच्या फरकाने त्यांची निवृत्ती मागेपुढे होणार होती. घोळाचे मूळ आमच्या शेजारी, शनिवार पेठेपासून सायकलच्या टप्प्यात असलेल्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिरण्यासाठी पोरवयात भरलेल्या एका अर्जात. दहा फेब्रुवारीला त्यांनी याचिका मागे घेतली आणि एकतीस मेला ते निवृत्त झाले. मे महिन्याला एकतीस दिवस असतात, तेव्हा त्याबद्दल तक्रारीस जागा नव्हती. एवढ्या मोठ्या सेनेचा अधिपती आणि मी, दोघेही एकाच वेळी आपापल्या तारखांसाठी एकाकी झुंजत आहोत, ही जाणीव मला इतकी सुखावून गेली की, मी ती धरणवाल्या अभियंत्यांना जिन्यात गाठून ऐकवली. “त्यांना नोकरी वाढवून हवी होती,” ते म्हणाले, “तुम्हाला काय हवंय?”

या प्रश्नाचे उत्तर मी जिन्यात दिले नाही, आणि सगळे उत्तर येथेही देणार नाही. परंतु मेहुणपुऱ्यातला एक मुलगा माझ्याच तुकडीत होता. परेडला माझ्या डावीकडे उभा राही आणि शिस्तीत असताना ओठ न हलवता विनोद करण्याची विद्या त्याला साधली होती, तिच्या पायी मी अनेकदा शिक्षा भोगली. पूना हॉर्सचे कर्नल तारापोर ज्या सप्टेंबरात, १९६५ साली, सियालकोटच्या आघाडीवर पडले, त्याच सप्टेंबरात, त्याच आघाडीवर तोही पडला. त्याच्या आईकडे आलेला कागद मी पाहिला आहे. नाव, हुद्दा, क्रमांक, सेवेची अखेर. त्यात एकही अक्षर इकडचे तिकडे नाही, कोणी त्याविरुद्ध अर्ज केला नाही, पुरावा मागितला नाही. त्याला घेताना आणि मला घेताना सरकारने आमच्या हातापायांखेरीज फारसे काही तपासले नव्हते. आणि आता नोव्हेंबराला दिवस किती, याचा दाखला ते माझ्याकडे मागते. राग येतो तो एवढ्याचाच. ‘मुदत चालू’ या दोन शब्दांनी माझी छाती पुढे आली होती हे खरे. पण त्या बोलावण्यासाठी जो खरोखर ट्रंक भरून बसला असता, त्याची मुदत केव्हाच भरली होती.

अखेर कोण्या कनवाळू वरिष्ठाने ‘सबब, तीस वाचावे’ अशी मखलाशी केली, आणि मला खिडकीपाशी बोलावणे आले. ‘वरील दुरुस्ती मला मान्य आहे’ या ओळीखाली सही करावयाची होती. मी लेखणीचे टोपण काढले, घातले, पुन्हा काढले. तीनशे साठ कोसांवर कोठे तोफा धडाडल्या, तर आता मला कोणी विचारणार नाही, हे त्या कागदावर स्वहस्ताने लिहून देणे, वाटले होते तितके सोपे नव्हते.

“आजोबा, करा सही. डबा खायचाय मला.”

मी केली. कारकुनाने कागद ओढून घेतला, पाहिला, आणि परत फिरवला. “नावामागचं ‘कॅप्टन’ खोडा. बंधन त्र्याहत्तरलाच संपलं, हे आत्ताच मान्य केलंत ना?” मी एका रेघेने ते खोडले.

“खाडाखोड झाली. तिच्याशेजारी पुन्हा सही लागेल.”

तीही केली, आणि हात सवयीप्रमाणेच चालला. त्याने ती दुसरी सही वाचली, एकदा घड्याळाकडे पाहिले, कागदावर शिक्का मारला आणि डबा उघडायला निघून गेला.