बोरन्हाणोत्तर गोळ्यांचा विनियोग : काही मार्गदर्शक तत्त्वे

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या काळात पाच वर्षांच्या आतील मुलाला काळे कपडे व हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवावे, औक्षण करावे आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, रेवड्या व हलवा ओतावा, या विधीस बोरन्हाण म्हणतात. करी नावाच्या राक्षसाची बाधा होऊ नये हा त्यामागचा जुना समज असून, ऋतुबदल मुलाला सोसावा हे त्याला मागाहून चिकटवलेले शास्त्रीय कारण आहे. अलीकडे या मिश्रणात बोरांचे प्रमाण घटत जाऊन चॉकलेटे, टॉफ्या, लिमलेटच्या गोळ्या व बिस्किटे यांचे प्रमाण इतके वाढले आहे की, विधीचे नाव बदलले नाही हीच परंपरेवरची मेहेरबानी मानावी. जमलेली मुले हा माल वेचून संपवतील असे गृहीत धरलेले असते. परंतु प्रत्येक मुलामागे ‘एकच घे रे’ म्हणणारी एक आई उभी असल्याने तो संपत नाही. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविननंतर घरोघरी हाच पेच पडतो आणि तेथील लोक उरलेल्या गोळ्या कुकी व केकमध्ये घालून मोकळे होतात. तिकडच्या मराठी घरांवर तर वर्षातून दोनदा हा प्रसंग ओढवतो.

उरलेला माल टाकून देणे हा सर्वांत सोपा उपाय होय, आणि म्हणूनच तो निषिद्ध आहे. लेकराच्या डोक्यावरून आलेले टाकायचे नसते, असा घरातील आजींचा दंडक असतो. दृष्ट काढलेली मीठ-मोहरी घरात ठेवायची नाही आणि बोरन्हाणाची गोळी घराबाहेर टाकायची नाही, या दोन नियमांतील संगती विचारू नये; विचारल्यास उत्तर मिळते, परंतु ते विचारलेल्या प्रश्नाचे नसते.

पुण्याजवळच्या भोसरीत या कार्याचे नेतृत्व सामान्यतः क्वालिटीवाल्याकडे जाते. क्वालिटीवाला म्हणजे एमआयडीसीतील एखाद्या कारखान्यात तयार जॉब तपासून ‘ओके’ किंवा ‘रिजेक्ट’ ठरवणारा गृहस्थ. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना होऊन या पट्ट्यात कारखाने वाढत गेले, तसतशी ही जमातही वाढली आणि आता बहुतेक इमारतींत तिचा एक तरी प्रतिनिधी आढळतो. उरलेल्या गोळ्यांची रास दिसताच तो तीन ताटे मागवतो व ओके, रिवर्क आणि रिजेक्शन अशी वर्गवारी सुरू करतो. यांपैकी रिवर्क म्हणजे दुरुस्त करून वापरण्याजोगा माल. रिजेक्शनची विल्हेवाट तो जागच्या जागी, स्वतःच्या तोंडात लावतो, आणि त्या ताटात उत्तमोत्तम चॉकलेटेच कशी जातात याचा खुलासा तपासणी अहवालात नसतो.

वर्गवारी मात्र खरोखरच आवश्यक आहे. चॉकलेट थेट आचेवर वितळवू नये. गरम पाण्यावर कोरडे भांडे ठेवून वितळवावे, कारण पाण्याचा एक थेंब जरी आत गेला तरी ते आवळून रवाळ गोळा होते. टॉफीत दूध व स्निग्धांश असल्याने ती दोन चमचे दूध व चमचाभर तुपात मंद आचेवर विरघळते. रंगीत जेम्स पिठात ढवळल्यास रंग सोडतात. ते वरूनच पेरावेत. हलवा मिक्सरमधून काढून नानकटाईत पिठीसाखरेऐवजी वापरावा, मात्र दागिन्यांचा हलवा घेऊ नये, कारण त्यात दोरा, तार व डिंक असतो. चुरमुऱ्यांचा चिवडा करावा.

लिमलेटची गोळी हा क्वालिटीवाल्याचा खास प्रांत. कच्च्या बिस्किटाच्या मधोमध भोक पाडून ते अर्धे भाजावे, भोकात गोळीची पूड भरावी आणि १७० अंशांवर आणखी चार-पाच मिनिटे ठेवावे, म्हणजे पूड वितळून काचेसारखी रंगीत तावदाने तयार होतात. खाली बटर पेपर असावा आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नये. या अखेरच्या अटीचे पालन क्वालिटीवाल्याकडून कधीही होत नाही, कारण त्याला व्हर्नियरने जाडी मोजायची असते. दमट हवेत ही तावदाने चिकट होतात, जानेवारीच्या कोरड्या थंडीत टिकतात. रावळगावच्या पान पसंद गोळ्या यात कदापि घालू नयेत. हा ब्रँड २०२४ मध्ये रिलायन्सकडे गेला, तरी त्याचा वास अजून जिद्दी आहे आणि बिस्किटांना लग्नाच्या पंगतीबाहेरच्या तबकासारखी चव येते.

ओव्हनसंबंधी स्वतंत्र इशारा देणे भाग आहे. या पट्ट्यातील कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे भाजणीचा मुहूर्तही गुरुवारचाच निघतो. आणि देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याकरिता महावितरणलाही बहुधा गुरुवारच सापडतो. तापमानाचा तक्ता हातात घेऊन क्वालिटीवाला अंधारात उभा राहिला की आजी काही न बोलता कुकर काढतात. तळाशी मिठाचा थर, वर जाळी, शिट्टी व रिंग काढलेली. केकसाठी दोन वाट्या बिस्किटांचा चुरा, विरघळवलेली टॉफी आणि लागेल तसे, साधारण वाटीभर दूध एकत्र करावे. इनो सर्वांत शेवटी घालावे आणि घातल्याबरोबर भांडे कुकरमध्ये ठेवावे, कारण त्यातील सोडा व आम्ल ओलाव्याने लगेच फसफसतात आणि चर्चेसाठी थांबत नाहीत. साखर घालू नये. बिस्किटात साखर आहे, टॉफीत साखर आहे, घालू नये म्हणजे घालू नये! मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटे पुरतात, असे ग्रंथ सांगतात; आजी घड्याळ न पाहता वासावरून गॅस बंद करतात, आणि त्यानंतर घातलेली सुरी स्वच्छ बाहेर येते हे पाहून क्वालिटीवाला ‘ओके’ असा शेरा मारतो. त्या शेऱ्याची कोणी मागणी केलेली नसते, पण आजी तो ऐकून घेतात आणि पहिला तुकडा त्यालाच देतात.

ज्याचे बोरन्हाण झाले, त्याला कडक गोळ्या व बिया न काढलेली बोरे देऊ नयेत. ती लहान मुलाच्या घशात अडकतात. त्याला केक द्यावा. तो खात नाही.

केकचे पुढे काय होते, हे सांगितल्याशिवाय विवेचन पूर्ण होत नाही. केक गोड, अति गोड होतो, घरात कोणी दुसरा तुकडा मागत नाही आणि तो टाकणे तर गोळी टाकण्याहूनही कठीण, म्हणून शुक्रवारी पहिल्या पाळीला तो स्टीलच्या डब्यातून कंपनीत जातो व चहाच्या सुट्टीत संपतो. मात्र डबा रिकामा परत करू नये, ही रीत लातूर-नांदेडकडून आलेल्या सहकाऱ्यांनाही तितकीच प्रिय असल्याने सोमवारी तो भरून परत येतो. झाकण उघडल्यावर त्यात कोणाच्या तरी घरच्या बोरन्हाणातील टॉफ्या, लिमलेटच्या गोळ्या आणि ओंजळभर पान पसंद निघतात, आणि रथसप्तमी अद्याप आठवडाभर लांब असते.