एक इमेज, अख्खी लॅब आडवी

नागपुरात हार्ड डिस्क नसलेल्या कॉम्प्युटरची लॅब लावली की हिशेबनीस खूश: खर्च वाचला, आणि मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत बिघडायला एक वस्तू कमी. मशीन डीएचसीपीकडून पत्ता घेतं, टीएफटीपीने कर्नल ओढतं आणि सर्व्हरवरची एकच इमेज सगळ्यांसोबत वापरतं. राजा बोले, दळ हाले!

खरी गंमत अपडेटच्या दिवशी. नियम साधा: चालू इमेजला हात लावायचा नाही, प्रत काढायची, बदल तिच्यात करायचा, एका मशीनवर तपासायचा, मगच नवी इमेज लावायची. पण प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी लॅबवाला म्हणतो, "होऊन जाते ना भाऊ!" आणि चालू इमेजमध्येच कंपायलरसोबत नवं कर्नलही बसवतो. टीएफटीपीच्या फोल्डरमध्ये मात्र जुनंच कर्नल. सकाळी मॉड्यूल जुळत नाहीत, बाहेरचे परीक्षक चहा घेत बसतात. पूर्वी एक मशीन रुसलं तर शेजारच्यावर सरकता यायचं. आता समता संपूर्ण.

तेव्हा भाऊ, जुनी इमेज परीक्षा संपेपर्यंत पुसू नका. तेवढी जागा सर्व्हरवर असते.