स्थळ बदललं आहे, याची नोंद घ्यावी

पत्रिकेवर ठिकाण छापलं होतं पालघरचं. स्वामी विवेकानंद विद्यामंदिर, 2 जुलै 2024. यजमान अंबानी कुटुंब, निमित्त धाकटे चिरंजीव अनंत यांच्या लग्नाचं, आणि लग्नं लागायची होती पालघर भागातल्या पन्नासहून अधिक गरीब जोडप्यांची. मग ठिकाण बदललं. जोडपी पालघरची, वऱ्हाड पालघरचं, मांडव मात्र घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कात. नवरीनं नवऱ्याच्या घरी जायचं, ही रीत जुनी. नवरा, नवरी, करवल्या आणि दोन्हीकडचे मामा, सगळ्यांनी मिळून शंभरेक किलोमीटरवरच्या कचेरीत जायचं, ही रीत 2024 नं पाडली.

आहेराला नावं ठेवायचं कारण नाही. मंगळसूत्र, जोडवी, प्रत्येक नवरीला 1 लाख 1 हजारांचा धनादेश, वर्षभराचा किराणा, शिवाय भांडी, गॅसची शेगडी, मिक्सर, पंखा, गादी-उशी. ज्याच्या घरी पंखा नाही त्याला पंख्याची किंमत विचारावी. सदर लिहिणाऱ्याला विचारू नये. वारली पाड्यांवर लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून कित्येक जोडपी आधी संसार थाटतात आणि लग्न सवडीनं लावतात. आईबापाच्या लग्नात पोरं अक्षता टाकतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. लग्न लावायला धवलेरी असते. घराच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, चौकात पालघाट देवी बसते आणि तिच्या साक्षीनं कार्य होतं. कॉर्पोरेट पार्काच्या काचेच्या भिंतीवर चौक कसा लिहायचा, हे धवलेरीला कोणी शिकवलेलं नाही.

संध्याकाळी पाहुण्यांसाठी तारपानाच झाला. जुलैचा पहिला आठवडा म्हणजे डहाणू-तलासरीत आवणीची धांदल. तारपा घुमतो तो भात पिकल्यावर. पण यजमान मोठे असले की भातानंही थोडं समजून घ्यावं. तीनच दिवसांनी, 5 जुलैला, त्याच लग्नाच्या संगीताला जस्टिन बीबर गायला. बीबरही आला आणि तारपाही आला. फरक एवढाच की बीबरचं नाव बातम्यांत होतं आणि तारपावाला नुसता 'वारली कलाकार' होता. त्याआधी मार्चमध्ये जामनगरला रिहाना येऊन गेली होती. पाहुण्यांच्या विमानांची गैरसोय होऊ नये म्हणून तिथल्या विमानतळाला 10 दिवसांपुरता आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला होता. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर अभ्यासावं.

वर्षाअखेरीस सगळीकडे आढावे छापून येतात, पॅरिस, बार्बाडोस, वॉशिंग्टन. त्यांत डहाणू-तलासरीचं नाव नसतं म्हणून इथल्या लोकांना वाईट वाटत असेल, तर ते चूक आहे. 2024 मध्ये जे जे मोठं घडलं, त्यातलं बरंच काही इथल्या नावानं घडलं किंवा इथूनच पुढे गेलं. घडायची जागा तेवढी दुसरीकडे होती.

आता बसचंच बघा. 29 जूनला बार्बाडोसमध्ये भारतानं दक्षिण आफ्रिकेला 7 धावांनी हरवून टी-20 विश्वचषक जिंकला आणि 4 जुलैला मरीन ड्राइव्हवर मिरवणूक निघाली. उघड्या छताची बस गुजरातेतून मागवली होती. मुंबईला बेस्ट असताना गुजरातची बस कशाला, यावर दोन दिवस पक्षप्रवक्त्यांचे घसे बसले. रस्त्यानं गुजरातेतून मुंबईला यायचं तर आच्छाडची सीमा ओलांडून, तलासरी, चारोटी करत राष्ट्रीय महामार्ग 48 नंच यावं लागतं. म्हणजे विश्वविजेत्यांची बस मुंबईआधी तलासरीनं पाहिली असणार, फक्त रिकामी. त्या वर्षी घोडबंदर ते आच्छाड या महामार्गावर काँक्रीटचा थर चढवायचं काम सुरू होतं आणि वाहनं तासन्‌तास अडकत होती. कोहली आणि रोहित बसमध्ये असते, तर मिरवणूक मनोरलाच उरकून घेता आली असती.

26 जुलैला पॅरिसमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. मैदान सोडून नदी निवडली. देशोदेशीचे खेळाडू भर पावसात सेन नदीतून नावांत बसून हात हलवत गेले आणि जग म्हणालं, काय कल्पना! झाई, धाकटी डहाणू, वरोरच्या कोळीवाड्यांत त्या दिवशी होड्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली होत्या. 31 जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असते; भर पावसात होडी पाण्यात घालणाऱ्याला इकडे शहाणा म्हणत नाहीत, फार तर दंड करतात. 1 ऑगस्टला दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि पालघर जिल्ह्याला 10 वर्षं पूर्ण झाली. पहिल्या गोष्टीचे पेढे वाटले गेले.

तिकडे 19 जुलैला क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीनं एक सदोष अपडेट सोडलं आणि जगभरातल्या संगणकांचे पडदे निळे पडले. विमानं अडकली, प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, तज्ज्ञ म्हणाले, असं कधी झालं नव्हतं. तज्ज्ञांनी जुलैमध्ये एखाद्या अंगणवाडीत येऊन बसायला हवं होतं. 'लाडकी बहीण'चे अर्ज भरणं सुरू होतं. महिना दीड हजार रुपये, वय 21 ते 65. ॲप उघडलं तर ओटीपी येत नव्हता, ओटीपी आला तर फोटो चढत नव्हता, फोटो चढला तर सर्व्हर बसत होता. सेविका मोबाइल उंच धरून अंगणात रेंज शोधत होती आणि बाहेर बहिणी आधारकार्ड पदराखाली धरून पावसात उभ्या होत्या. जगाचा सर्व्हर एक दिवस बसला तर ती जागतिक घटना ठरते. इकडे तो महिनाभर बसला तर ती योजनेची लोकप्रियता ठरते.

पण वर्षातला खरा मोठा बार उडाला तो समुद्रात. 19 जूनला केंद्रीय मंत्रिमंडळानं वाढवण बंदराला मंजुरी दिली. खर्च 76,220 कोटी रुपये. प्रत्येकी 1,000 मीटर लांबीचे 9 कंटेनर टर्मिनल, समुद्रात भराव घालून 1,448 हेक्टर नवी जमीन, जगातल्या पहिल्या दहा बंदरांत स्थान आणि 10 लाख रोजगारांची शक्यता. 'शक्यता' हा शब्द सरकारी पत्रकातलाच आहे, आणि त्यातला सर्वात प्रामाणिक आहे.

या बंदराची कुंडली जुनी आहे. 1991 साली केंद्रानं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले आणि 1998 मध्ये प्राधिकरणानं सांगितलं, इथे बंदर नको. समुद्र तोच राहिला, खडक तेच राहिले, घोळ आणि पापलेटही जमेल तितके राहिले. 2019 च्या आरंभी धर्माधिकारी मात्र राहिले नाहीत. 31 जुलै 2023 रोजी त्याच प्राधिकरणानं बंदराला ना हरकत दिली. पंचवीस वर्षांत डहाणूचं पर्यावरण एवढं सुधारलं, की त्याला संरक्षणाची गरज उरली नाही, असा याचा अर्थ घ्यायचा की दुसरा, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

30 ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. बंदर वाढवणच्या समुद्रात, पाया पालघरच्या सिडको मैदानात. दगड कोरडा राहिला. किनाऱ्यावरच्या गावांत काळे झेंडे लागले होते. ते मैदानावरून दिसण्यासारखे नव्हते, हा स्थळ निवडण्यातला आणखी एक फायदा. त्या भाषणातली सर्वात मोठी बातमीही बंदराची नव्हतीच. चार दिवस आधी मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा 35 फुटी पुतळा कोसळला होता. 4 डिसेंबर 2023 ला उभा केलेला, पुरते नऊ महिनेही न टिकलेला. पंतप्रधानांनी माफी मागितली ती पालघरच्या व्यासपीठावरून. पुतळा पडला सिंधुदुर्गात, माफी मागितली गेली पालघरात. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत वाढवण आतल्या पानावर आणि मालवण पहिल्या. वर्षभरात एकदाच दुसरीकडचा कार्यक्रम इथे आला, तो असा.

सप्टेंबरच्या 22 तारखेला कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमाची तिकिटं निघाली, बुक माय शोचं संकेतस्थळ आडवं झालं आणि पुढे लाखो लोक आहेत असं पडद्यावर बघत तरुण पिढी रडकुंडीला आली. डहाणू-चर्चगेट लोकलला विरारनंतर चढणाऱ्यांना या दुःखाची थोडी ओळख आहे.

मग निवडणूक आली. पालघर जिल्ह्यातली निवडणूक समजून घ्यायला संगीत खुर्चीचे नियम माहीत हवेत. राजेंद्र गावित काँग्रेसचे मंत्री होते. 2018 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत ते भाजपकडून लढले आणि जिंकले. समोर शिवसेनेकडून होते श्रीनिवास वनगा, म्हणजे भाजपचे दिवंगत खासदार चिंतामण वनगा यांचे पुत्र. 2019 ला गावितच शिवसेनेत आले आणि खासदार झाले. वनगांना विधानसभा मिळाली. मे 2024 मध्ये गावितांना लोकसभेची उमेदवारी मिळाली नाही, तर ते भाजपमध्ये परतले; ऑक्टोबरात शिंदेंच्या शिवसेनेत परत आले आणि पालघर विधानसभेची उमेदवारी घेऊन जिंकलेही. खुर्ची गेली वनगांची. तलासरी तालुक्यातल्या आपल्या घरून ते निघून गेले, फोन बंद, आणि दीड-दोन दिवस सगळी वृत्तवाहिन्यांची मंडळी नकाशात तलासरी शोधत राहिली. माणूस सुखरूप परतला, हे बरं झालं. उमेदवारी कापल्यावर हमसून रडणारा आमदार महाराष्ट्रानं पाहिला. खरं तर मतदारानं एवढी वर्षं तेच करायला हवं होतं.

डहाणूत माकपचे विनोद निकोले विरुद्ध भाजपचे विनोद मेढा. मतदानाच्या आदल्या दिवशी, 19 नोव्हेंबरला, बहुजन विकास आघाडीचे डहाणूचे उमेदवार सुरेश पाडवी भाजपमध्ये गेले. नाव मतदान यंत्रावर, माणूस दुसऱ्या पक्षात. त्याच दिवशी विरारच्या हॉटेलात आघाडीच्या कार्यकर्त्यांनी भाजपचे सरचिटणीस विनोद तावडे यांना घेरलं आणि पैसे वाटल्याचा आरोप केला. आपण मतदानाच्या दिवसाचे नियम समजावायला आलो होतो, असं सांगून तावड्यांनी आरोप फेटाळला. एका जिल्ह्यात एका दिवसाला तीन विनोद म्हटल्यावर सदर लिहिणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही.

23 नोव्हेंबरला निकाल लागला. महायुतीनं 288 पैकी 230 जागा घेतल्या. भल्याभल्यांची अनामत गेली, विरोधी पक्षनेतेपदापुरतेही आमदार कोणा एका विरोधी पक्षाकडे उरले नाहीत. डहाणूत निकोले 5,133 मतांनी जिंकले. राज्यात माकपचे एवढेच एक आमदार. एकेकाळी डहाणूत वडापावची गाडी लावणाऱ्या या माणसानं 2019 च्या प्रतिज्ञापत्रात आपली मालमत्ता 51,082 रुपये लिहिली होती. घणसोलीच्या मांडवात अर्धी नवरीसुद्धा एवढ्यात उभी राहिली नसती. 1945 साली झरीच्या सभेत गोदावरी परुळेकरांसमोर वारल्यांनी वेठबिगारी नाकारली, तो हाच तलासरीचा पट्टा. लाट कुठलीही असो, इथली भरती-ओहोटी वेगळ्या वेळापत्रकावर चालते. आता बंदराचा भराव पडल्यावर काय होईल ते बघायचं.

निकालानंतर राज्याला मुख्यमंत्री मिळायला 12 दिवस लागले. काळजीवाहू मुख्यमंत्री एकनाथ शिंदे सातारा जिल्ह्यातल्या दरे गावी गेले, त्यांना ताप आला, तापाचे आकडे वाहिन्यांनी पट्टीवर फिरवले. त्याच दिवसांत डहाणू तालुक्यातल्या कासाच्या सरकारी रुग्णालयातून एका गर्भवतीला सिल्वासाला पाठवलं. सुसज्ज रुग्णवाहिकेसाठी ताटकळावं लागलं, आणि ती वाटेतच गेली. तिचं बाळही वाचलं नाही. महाराष्ट्रातल्या बाळंतपणाला दादरा-नगर हवेलीचा रस्ता धरावा लागतो, ही यातली बातमी नव्हती; ते रोजचंच आहे. ठाणं फार लांब पडतं म्हणून 2014 साली वेगळा जिल्हा केला होता.

5 डिसेंबरला आझाद मैदानावर देवेंद्र फडणवीसांचा शपथविधी झाला. उद्योगपती आले, क्रिकेटपटू आले, हिंदी सिनेमा तर रांगेनं आला. त्याच दिवशी 'पुष्पा 2' देशभर लागला आणि तिकीटबारीचे विक्रम मोडले. शिंदे उपमुख्यमंत्री व्हायला तयार होतात की नाही, हा सस्पेन्स शपथविधीच्या दिवसापर्यंत ताणला गेला. सिनेमापेक्षा तो भाग जास्त रंगला असं काही जाणकारांचं मत पडलं.

पुढची तारीख बुलेट ट्रेनची. तिची पायाभरणी 2017 ची आणि पहिली मुदत 2022 ची होती. 2024 मध्येही खांब उभेच राहत होते. डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतून तिचा मार्ग जातो, जमिनी दोन्हीकडच्या गेल्या आहेत. थांबे आहेत बोईसर, आणि त्यानंतर एकदम वापी.