तबकडीची कैफियत

मराठी गृहस्थाच्या घरी एखादे नवे यंत्र दाखल झाले म्हणजे त्याचा उपयोग काय याचा उलगडा होण्यापूर्वीच त्याच्या मापाचा रुमाल विणून तयार होतो. आणि म्हणून घरातील समस्त छायाचित्रे, लग्नांच्या चित्रफिती व सातबाऱ्याच्या नकला पोटात घेतलेली चार हार्ड डिस्कची आमची पेटी दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, सरकत्या काचेआड, क्रोशाच्या रुमालाखाली स्थानापन्न झाली, यात कोणास काही वावगे वाटले नाही. 1956 साली आयबीएमने पहिली डिस्क आणली, तेव्हा 24 इंची 50 तबकड्या मिळून कशीबशी 50 लाख अक्षरे सांभाळीत आणि त्या धुडाचे वजन टनाच्या वर जाई. पण तिच्यावर रुमाल घालण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, हे तिचे भाग्य.

नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. तशा एका दुपारी पेटी केकाटू लागली. तिसऱ्या डिस्कचे तापमान 61 अंश होते; घरगुती डिस्क साधारणतः 60 पर्यंतच सोसते.

तत्काळ पंच जमले. शेजारचे निवृत्त तहसीलदार, ज्यांच्या मते पानिपतापासून पंक्चरपर्यंत सर्व आपत्तींचे मूळ कमी व्होल्टेजमध्ये आहे, त्यांनी तेच निदान केले. चिरंजीवांनी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा सुचविला. बाहेर काढताच तबकडीवर दव साचते आणि उरलीसुरली आशाही विरघळते, हे तो सुचविणारे सांगत नाहीत. सौभाग्यवतींनी कूलरचे तोंड पेटीकडे वळविले, तेव्हा वाळ्याच्या सुगंधासह आलेले तुषार पाहून मी तो मोठ्या अजिजीने परत फिरविला.

पुण्याहून भाचा फोनवर म्हणाला, "मामा, सगळ्यांचं ऐकलंत, आता जरा डिस्कचं ऐका."

डिस्क हा मोठा इमानी कारकून असतो. आपल्या दुखण्याचा रोजनामा ती स्वतःच लिहिते. त्याला 'स्मार्ट' म्हणतात. पाचव्या रकान्यात निकामी ठरवून राखीव जागेत हलविलेल्या कप्प्यांची नोंद असते, 197 मध्ये ज्यांचा निकाल लागायचा आहे अशा संशयितांची, आणि 199 मध्ये वाटेत बिघडलेल्या मजकुराची. हा शेवटचा आकडा वाढला तर डिस्कपेक्षा केबल किंवा खोबणीवर संशय घ्यावा. आमच्या तिसरीचा 199 निष्कलंक शून्य, पण 5 आणि 197 रोज चढत होते. म्हणजे दुखणे तबकडीचेच. पाठीमागचा पंखा मात्र धूळ आणि लोकरीचे तंतू यांनी असा जखडला होता की फिरण्यापेक्षा कण्हणेच त्याला सोपे जात असावे.

"म्हणजे रुमालानं डिस्क मारली म्हणता?" आतून प्रश्न आला.

गूगलच्या अभ्यासकांनी 2007 साली आपल्या लाखावर डिस्कचे दप्तर तपासले, तेव्हा उष्णता आणि मरण यांचा समजला जातो तेवढा संबंध आढळला नाही; उलट थंड डिस्कच अधिक दगावलेल्या दिसल्या, हे मी सत्यास स्मरून सांगितले.

"ऐकलंत ना, तहसीलदारसाहेब? रुमाल निर्दोष!"

तीनचार वर्षे उलटलेल्या डिस्कना मात्र अतिउष्णता बाधते, हा त्याच अहवालातील पुढचा भाग वाचून दाखविणे मला गृहसौख्याच्या दृष्टीने इष्ट वाटले नाही. आमच्या डिस्कला पाचवे वर्ष लागले होते.

खरी गोम पुढेच होती. रेड-5 या व्यवस्थेत एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा मजकूर पुन्हा सिद्ध करता येतो. परंतु त्यासाठी तिघींना आरंभापासून अंतापर्यंत अखंड वाचावे लागते, आणि तासन्‌तास चाललेल्या त्या श्रमात, त्यांचे वयही तेच असल्यामुळे, दुसरीने मान टाकली तर सारेच बुडते. औषधानेच ताप चढणार होता. म्हणून आधी सर्व मजकुराची नक्कल निराळ्या डिस्कवर उतरविली, पंखा साफ केला, शोकेसची काच काढली; तापमान 42 वर उतरल्यावरच तिसरीला बडतर्फ करून तिच्या जागी नवी नेमणूक केली.

हमीची मुदत शिल्लक असल्याने जुनी दुकानात नेली, तर दुकानदाराने अर्ज पुढे सरकवीत दबक्या आवाजात बजावले, "बिघाडाच्या कारणात उष्णता लिहू नका हं, साहेब, अर्ज परत येतो." तेव्हा सोबत आलेल्या तहसीलदारांनी माझ्या हातून लेखणी घेतली आणि चार ओळींचे असे एक वाक्य लिहिले की, ते दोनदा वाचूनही डिस्क बिघडली आहे की बढतीवर गेली आहे हे दुकानदाराला उमगले नाही, त्याने मुकाट्याने शिक्का मारला.