फ्रीचं काम आहे, सर

चूक कंपनीची आहे, हे कंपनीनं स्वतः कबूल केलेलं आहे. लेखी. तसा एसएमएस माझ्या फोनमध्ये आहे आणि तो मी पुसणार नाही. आरोपीनं पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला की खटला संपायला हवा. इथे कबुलीनंतर खटला सुरू झाला आणि शिक्षा फिर्यादीला झाली. ती कशी, हे क्रमवार सांगतो. चहा घ्या, प्रकरण लांबलेलं आहे.

गुन्ह्याचं स्वरूप असं. पेट्रोल गाडीच्या टाकीत एक पंप असतो. तो पेट्रोल इंजिनाकडे ढकलतो. त्या पंपात प्लॅस्टिकचं एक छोटंसं पात्यांचं चक्र फिरत असतं. काही गाड्यांमध्ये हे प्लॅस्टिक हवं तितकं घट्ट झालेलं नसतं. मग ते पेट्रोल शोषून घेतं, फुगतं, आतल्या भिंतीला घासतं आणि एक दिवस अडकून बसतं. चक्र थांबलं की पंप थांबतो, पंप थांबला की इंजिन थांबतं, मग गाडी कात्रजच्या घाटात असो की लक्ष्मी रोडवर. थोडक्यात, आयुष्यभर पेट्रोलमध्ये बुडून राहायचं ज्याचं काम, त्याला पेट्रोल सोसत नाही. हे गाडी विकल्यानंतर लक्षात आलं.

यात मी एकटा नाही. जुलै २०२० मध्ये मारुतीनं वॅगन आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या फ्युएल पंपासाठी परत बोलावल्या. त्याच्या आदल्याच महिन्यात होंडानं ६५,६५१ गाड्या बोलावल्या होत्या आणि एप्रिल २०२१ मध्ये आणखी ७७,९५४. माझी गाडी कोणत्या कंपनीची आणि कोणत्या साली बोलावली, ते सांगत नाही. पुढची सर्व्हिसिंग तिथेच करायची आहे.

आता कायदा बघा. पूर्वी हा सगळा मामला स्वेच्छेचा होता. वाहन उत्पादकांच्या संघटनेनं जुलै २०१२ मध्ये आपणहून एक संहिता केली, तेवढीच. मग २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ‘११०ए’ हे कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. सरकारला गाड्या परत बोलवायला लावाव्या लागल्या, तर कंपनीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड. कंपनीनं आपणहून दोष कळवला आणि गाड्या बोलावल्या, तर दंड माफ. प्रामाणिकपणाला सवलत असावी, हे तत्त्व मला मान्य आहे. पण हे कलम मी दोनदा वाचलं. त्यात ग्राहकाच्या अर्ध्या किरकोळ रजेबद्दल अवाक्षर नाही.

ही रजा सोपी नव्हती. अर्जात कारणाच्या रकान्यात मी खरं ते लिहिलं : ‘कंपनीने गाडी परत बोलावल्यामुळे’. साहेबांनी अर्ज वाचला, मला केबिनमध्ये बोलावलं, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, “किती हप्ते थकलेत?” मी फ्युएल पंपाची हकीकत सांगितली. त्यांनी ती फार समजूतदारपणे ऐकून घेतली, म्हणजे विश्वास ठेवला नाही. संध्याकाळपर्यंत बातमी सोसायटीत पोचली होती. खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात थांबले आणि म्हणाले, “आमच्या पतसंस्थेत शब्द टाकू का? लाजू नका.” वीस वर्षं कोणाचा एक रुपया न बुडवता कमावलेली पत एका प्लॅस्टिकच्या चक्रानं घालवली. याची भरपाई कोणत्या कलमाखाली मागायची?

अपॉइंटमेंट घ्यायला फोन केला. चॅसी नंबर विचारला गेला. तो सतरा अक्षरी आणि अंकी असतो. एक आणि शून्य यांच्याशी घोळ होऊ नये म्हणून ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरं त्यात वापरतच नाहीत. एवढी काळजी जगभरच्या तज्ज्ञांनी घेऊन ठेवली आहे. तरीही मी “एम फॉर मिरज” म्हटल्यावर पलीकडून प्रश्न आला, “एम फॉर मुंबई, सर?” मी म्हटलं, “नाही, मिरज.” थोडी शांतता. “सर, मुंबईच धरते.” अक्षर तेच राहिलं, माझं गाव गेलं. पुढची सोळा अक्षरं मी निमूटपणे दुसऱ्याच्या गावांनी सांगितली.

वर्कशॉप भोसरीच्या एमआयडीसीत आहे. गाडी विकतानाचं शोरूम शहराच्या मध्यभागी असतं, काचेचं असतं, तिथे फुलं आणि पेढे असतात. दुरुस्तीला मात्र शहराच्या बाहेर जावं लागतं. सकाळी नऊची वेळ दिली होती. सगळ्यांनाच नऊची दिली होती. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर तरुण होता, हसतमुख होता. त्यानं विचारलं, “सर्व्हिसिंग ना, सर?” मी म्हटलं, “नाही, रिकॉल.” “अच्छा, फ्रीचं काम आहे, सर.” आणि हसू मावळलं.

वाचकहो, सगळ्या अन्यायाचं मूळ ‘फ्री’ या एका शब्दात आहे. काम ‘फ्री’ म्हटलं की चूक कोणाची, हा प्रश्नच निकालात निघतो. कंपनी दानशूर होते आणि आपण रांगेत उभे राहतो, आणि फुकटच्या प्रसादात मीठ कमी पडलं म्हणून कोणी पुजाऱ्याशी भांडत नाही. त्या क्षणापासून प्रत्येक वाक्याला ‘फ्रीचं आहे ना’ हे शेपूट लागलं. उशीर का? फ्रीचं आहे ना, आधी पेड गाड्या घेतो. गाडी उन्हात का? फ्रीच्या गाड्या त्या बाजूलाच असतात, सर.

मग जॉब कार्ड झालं. त्यानं हातात टॅब घेऊन माझ्या गाडीला प्रदक्षिणा घातली आणि प्रत्येक ओरखड्याची नोंद केली. डावा दरवाजा, ओरखडा. मागचा बंपर, पोचा. उजवा आरसा, खरचटलेला. कंपनीच्या दोषाची नोंद एका ओळीत झाली, माझ्या दोषांना गाडीचं अख्खं चित्र पुरलं नाही. आरोपी कंपनी, पंचनामा माझ्या गाडीचा, आणि पंचनाम्यावर सही माझी.

त्यानंतर तो गाडीत डोकावला आणि दचकला. “सर, टाकी फुल आहे?” लांब जायचं म्हणून मी रस्त्यात टाकी भरली होती. मला त्याचा थोडा अभिमानही होता. तो म्हणाला, “पंप टाकीतच असतो, सर. मागची सीट काढून वरून उघडावा लागतो. पाव टाकीच्या वर पेट्रोल असलं तर उघडत नाही आम्ही.” हे कोणत्याही एसएमएसमध्ये नव्हतं. मी म्हटलं, मग काढून ठेवा. “काढता येईल, पण त्याचं लेबर लागेल. पंप फ्री आहे, पेट्रोल काढणं फ्री नाही.” मग यावर उपाय काय? त्यानं थोडा विचार केला आणि अगदी आपुलकीनं सांगितलं, “थोडी फिरवून आणा.”

हे वाक्य पुन्हा वाचा. गाडी चालता चालता बंद पडू शकते, म्हणून कंपनीनं बोलावली. आणि कंपनीच्या दारात मला सांगण्यात आलं, की ती बंद पडण्याचा धोका दूर करण्यापूर्वी भरपूर चालवून या. मी नाशिक रस्त्यानं राजगुरुनगरच्या दिशेनं विनाकारण गेलो आणि विनाकारण आलो. ट्रकांच्या मधून जाताना मी त्या पंपाच्या चक्राला मनातल्या मनात विनंती करत होतो, की बाबा रे, तुझ्या बदलीचा आदेश निघालेला आहे, तेवढा आजचा दिवस काढ. वाया गेलेल्या पेट्रोलचं बिल मी जपून ठेवलं आहे. कोणाकडे सादर करायचं, ते कोणी सांगत नाही.

परतल्यावर एस्टिमेट तयार होतं. रिकॉलसमोर शून्य रुपये, आणि त्याखाली एसी डिसइन्फेक्शन, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन डीकार्बनायझिंग, अंडरबॉडी कोटिंग, अलाइनमेंट, बॅलन्सिंग, वायपर ब्लेड. मी म्हटलं, यातलं मला काही नको. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की आपण घरच्यांच्या आरोग्याकडे दुर्लक्ष करतो आहोत अशी मला शंका आली. “सर, गाडी आलीच आहे तर.” गाडी आलेली नव्हती. बोलावली होती. हा फरक मी समजावून सांगितला. वायपर ब्लेड तरीही बदलले गेले.

ग्राहकांसाठी लाउंज आहे. त्याला मोठी काच आहे. काचेतून वर्कशॉप दिसतं. याला पारदर्शकता म्हणतात. माझी गाडी जिथे लावली होती तिथेच दुपारपर्यंत उभी असलेली मी अत्यंत पारदर्शकपणे पाहिली. कॉफीचं यंत्र होतं, कप नव्हते. वेळ घालवायला मी फोनवर इतरांच्या रिकॉलबद्दल वाचत बसलो. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीनं १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिटच्या तपासणीसाठी बोलावल्या आणि तोवर पाणी साचलेल्या रस्त्यांवरून गाडी नेऊ नका, अशी विनंती ग्राहकांना केली. सप्टेंबरात. परळच्या हिंदमाताला राहणाऱ्या ग्राहकानं ही विनंती कशी अमलात आणली असेल, याचा विचार करताना मला पहिल्यांदाच सोबत असल्यासारखं वाटलं.

चारच्या सुमारास अ‍ॅडव्हायझर आला. पंप आलेला आहे. पंपाचं पॅकिंग आलेलं नाही. ते रबरी कडं जुनं चालत नाही, नवंच लागतं. ते गोडाउनमधून येईल. कधी? “मेसेज येईल, सर.” मी घरी आलो. मेसेज आले, अनेक आले. प्रत्येकात लिहिलं होतं, की आपल्या सुरक्षिततेसाठी आपली गाडी त्वरित वर्कशॉपमध्ये आणावी. गाडी तिथेच ठेवा म्हणाले असते तर ठेवली असती. पण फ्रीच्या गाड्यांना रात्रीची जागा नसते.

अखेर पॅकिंगही आलं. पंप बसला. बसला, हे मी न्यायानं सांगतो. गाडी ताब्यात मिळाली तेव्हा धुतलेली होती, म्हणजे ओली होती. सीट इतकी मागे सरकवलेली होती, की माझे पाय क्लचपर्यंत पोचेनात. आरशांतून फक्त आकाश दिसत होतं. रेडिओवर माझ्या विविध भारतीच्या जागी एक पंजाबी गृहस्थ ठेका धरून होते. हे सगळं मी सोसलं.

मात्र रविवारी सासूबाईंना घेऊन निघालो आणि त्यांनी मागून विचारलं, “जावईबापू, या पट्ट्याचं दुसरं टोक कुठं आहे?” मागची सीट परत बसवताना सीटबेल्टची सगळी बक्कलं तिच्याखाली गाडली गेली होती. मागं बसणाऱ्यांनी पट्टा लावायचा हा नियम आहे. सुरक्षिततेसाठी काढलेल्या मोहिमेत माझ्या गाडीतले सुरक्षेचे पट्टे निकामी झाले होते. मी फोन केला. उत्तर आलं, “सर, सीटबेल्ट रिकॉलमध्ये येत नाही.” सासूबाईंनी सबंध प्रवासात पट्टा हातात धरून ठेवला. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं कसं असतं, हे ज्यांना सासूबाई आहेत त्यांना सांगायला नको.

शेवटी फीडबॅकचा फोन. त्याआधी अ‍ॅडव्हायझरचा स्वतंत्र फोन : “सर, दहापैकी दहाच द्या. नऊ दिले तरी सिस्टीम शून्य धरते. माझा इन्सेन्टिव्ह जातो.” म्हणजे कंपनीच्या पंपाची शिक्षा आधी मला आणि नंतर त्या पोराला. मी दहा दिले. त्यातले वजा करायचे राहिलेले गुण या लेखातून वजा केले आहेत, असं समजावं.

तर माझ्या मागण्या फार नाहीत. कलम ११०ए मध्ये एक पोटकलम घालावं. रजा, पेट्रोल, वायपर ब्लेड आणि सोसायटीतली पत यांची भरपाई कंपनीनं करावी. आणि ‘फ्री’ हा शब्द वर्कशॉपच्या आवारात उच्चारायला बंदी असावी.

तोवर तुम्हाला एवढंच सांगणं. आपला चॅसी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा आणि रिकॉल निघाला तर जाच. जपानच्या टकाटा कंपनीच्या एअरबॅगांमधलं रसायन उष्ण, दमट हवेत बिघडलं, त्या फुटून माणसं गेली, जगभरात कोट्यवधी एअरबॅगा बदलाव्या लागल्या आणि जून २०१७ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हा न जाण्याचा पर्याय नाही. फक्त टाकी पावच ठेवा, रजेच्या अर्जात कारण ‘घरगुती’ लिहा, आणि गाडी ताब्यात घेताना सही करण्याआधी मागच्या सीटवर बसून बक्कलं मोजा.